गोंद शाबूत आहे का?

न्यूयॉर्कला किंवा लंडनला एखादं दुर्मीळ टपाल तिकीट लिलावात विकलं गेलं, की त्याचा पहिला त्रास मला होतो. तिकीट माझं नसतं, पैसे मला मिळायचे नसतात, विकणाऱ्याला मी ओळखत नाही आणि घेणारा मला दारातही उभा करणार नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध उतू जाण्याच्या नेमक्या वेळी, फोन वाजतो.

"अरे, तुझ्याकडे तो तिकिटांचा अल्बम होता ना रे?"

हा प्रश्न मला सख्ख्या, चुलत, मावस, आत्ते आणि ज्यांचं आपल्याशी नातं काय हे फक्त माझ्या आईला ठाऊक होतं, अशा सगळ्या नातेवाइकांनी विचारून झाला आहे. एरवी यातलं कोणी माझी चौकशी करत नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा आतेवहिनींनी एक अंगठा पाठवला होता, आणि तोही दुसऱ्या कोणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोला होता असं नंतर कळलं. पण २०१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजींच्या चार तिकिटांची पट्टी पाच लाख पौंडांना गेली, तेव्हा त्याच वहिनींनी स्वतः फोन केला. तब्येत विचारली, पथ्यपाणी विचारलं, पपईच्या पानांचा रस घेता का विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या अल्बमात गांधीजी असतीलच की!"

होते ना. आमच्या अल्बमात गांधीजी भरपूर होते. सगळे रोजच्या टपालावरचे, आणि बहुतेकांच्या बरोबर चष्म्यावर शिक्का बसलेला. पाच लाखांना गेलेले गांधीजी निराळे. १५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, टपाल खात्याने त्यांची चार तिकिटं काढली होती : दीड आण्याचं, साडेतीन आण्यांचं, बारा आण्यांचं आणि दहा रुपयांचं. ज्या माणसाने जन्मभर स्वदेशीचा धागा काढला त्याची तिकिटं छापून आणली स्वित्झर्लंडहून, पण ते असो. दहा रुपयांच्या तिकिटांपैकी फक्त शंभरांवर 'सर्व्हिस' अशी अक्षरं उमटवली आणि ती गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या कचेरीला वापरायला दिली. पाच लाख पौंडांची पट्टी त्यातली.

आता, गव्हर्नर जनरलच्या कचेरीतून आमच्या घरी पत्र येण्याचं कारण काय, हे मी वहिनींना विचारलं नाही. आमच्याकडे सरकारी कागद एकच यायचा, तो घरपट्टीचा. त्यावर तिकीट नसायचं. शिपाई स्वतः आणून द्यायचा आणि चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही.

"बघतो," एवढंच म्हणालो. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर लगेच स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. पाच लाख पौंड म्हणजे चार कोटींच्या वर रुपये होतात, आणि गव्हर्नर जनरलचं सांगता येत नाही. चुकून पाठवलंही असेल.

आमचा अल्बम आमच्या आळीतल्या मुलांच्या त्या काळच्या सर्वसाधारण पद्धतीने तयार झालेला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत छंद हवा, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. चित्रकला येत नव्हती, पोहायला घरचे सोडत नव्हते, म्हणून तिकिटं. स्टेशनरीच्या दुकानात पारदर्शक पाकिटात शंभर तिकिटांचा संच मिळायचा. त्यात अजमान आणि फुजैरा असल्या देशांची तळहाताएवढी तिकिटं असायची. शर्यतीच्या गाड्या, चंद्रावरचे अंतराळवीर, युरोपातली तैलचित्रं, सगळं त्यावर. त्या चिमुकल्या अमिरातींनी तिकिटं छापली ती टपालासाठी कमी आणि आमच्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी जास्त, हे कळायला पुढे चाळीस वर्षं गेली. तेव्हा मात्र एका फुजैरातल्या फेरारीसाठी आम्ही हंगेरीचे दोन त्रिकोण द्यायचो. भारताची तिकिटं कोणी जमवत नसे. ती घरी पत्रांवर फुकट यायची. फुकटचं कोण जमवणार!

पत्रावरची तिकिटं सोडवायचं काम माझ्याकडे होतं. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घ्यायचं, तिकीट बुडवायचं, ते अलगद सुटून वर आलं की वर्तमानपत्रावर पालथं वाळत घालायचं. वाळलेल्या तिकिटाच्या अंगावर त्या दिवशीचे बाजारभाव उमटायचे. मग पुढची पायरी चिकटवण्याची. घरात डिंक असायचा तो दिवाळीच्या लाडवांचा, त्याला हात लावला तर हात तुटला असता. म्हणून भात. गरम भाताचं एक शीत बोटाने तिकिटाच्या पाठीला चोळलं की ते वहीला असं बसायचं की पुढे पान फाटलं पण तिकीट निघालं नाही.

या उद्योगात इतरांचाही हातभार होता. माझ्या मामेभावाला टापटीप फार. तिकिटांच्या कडेचे दाते त्याच्या डोळ्यांत खुपायचे. त्याने एका दुपारी, सगळे झोपले असताना, कात्रीने ते सगळे कापून कडा सरळ करून दिल्या आणि संध्याकाळी शाबासकीच्या अपेक्षेने अल्बम घेऊन ओट्यापाशी उभा राहिला. मिळाली त्याला शाबासकी. आजोबांना वाटलं, पोरांचा छंद आहे तर त्यातून भूगोल तरी व्हावा. म्हणून त्यांनी बॉलपेन घेतलं आणि प्रत्येक तिकिटावर देशाचं नाव आणि राजधानी लिहिली. तिकिटाशेजारी लिहिली असती तरी चाललं असतं, पण शेजारी जागा नव्हती.

हा अल्बम घेऊन मी फोर्टात गेलो. मुंबईचं जीपीओ १९१३ मध्ये सुरू झालं. विजापूरच्या गोल घुमटावरून त्याचा घुमट बेतलेला आहे. त्या घुमटाखाली जगभरची पत्रं वर्गवार लागायची, तेव्हा तिकिटांचे जाणकार या परिसरात असणारच, हा माझा तर्क. तो बरोबर निघाला. एका जिन्याखालच्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ भिंग डोळ्याला लावून बसले होते. त्यांनी अल्बम घेतला, चिमट्याने पान उलटलं. हाताने नाही, चिमट्याने. तिथेच मला आमच्या अल्बमची इज्जत वाढल्याचं वाटलं.

"हे धुतलंय कोणी?"

"मीच."

"गोंद गेला की सगळा."

"पण गोंद चिकटवायलाच असतो ना?"

त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "चिकटवतात ते टपालाचं तिकीट. कलेक्टरचं तिकीट चिकटवायचं नसतं. पाठीवर गोंद जसाच्या तसा पाहिजे. हिंजचा, म्हणजे अल्बमात तिकीट अडकवायच्या कागदी पट्टीचा, जरी डाग पडला तरी भाव पडतो. आणि तुम्ही हे मागे लावलंय काय?"

"भात."

"भात?"

"आंबेमोहर," मी म्हणालो. दर्जाचा मुद्दा निघाला होता म्हणून.

ते पुढे काही बोलले नाहीत. पानं उलटत गेले. कापलेले दाते पाहिले, 'बुडापेस्ट' वाचलं, 'बर्न' वाचलं, ताम्रपत्रावरचा लेख लागावा इतक्या सावकाश आजोबांचं अक्षर वाचलं. शेवटी अल्बम बंद करून तो उलटसुलट पाहिला.

"काही येतील का?" मी विचारलं.

"पुठ्ठा चांगला आहे," ते म्हणाले.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. अभ्यासासाठी नव्हे, सूड म्हणून. तिकीट कापलेलं नसावं, त्यावर कोणी लिहिलेलं नसावं, पाण्यात घातलेलं नसावं, या नियमांवर आमचा अल्बम नापास झाला होता. मग ज्याला जगातलं सगळ्यात महाग तिकीट म्हणतात ते किती गुणांनी पास झालंय, हे मला पाहायचं होतं.

त्या तिकिटाचं नाव ब्रिटिश गयाना एक सेंट मॅजेंटा. १८५६ सालचं. दक्षिण अमेरिकेतल्या त्या वसाहतीत इंग्लंडहून येणाऱ्या तिकिटांचा साठा वेळेत पोचला नाही, तेव्हा पोस्टमास्तरने जॉर्जटाउनमधल्या वर्तमानपत्राच्या छापखान्याला तात्पुरती तिकिटं छापायला सांगितली. छापखानेवाल्याने सांगितलं तेवढं छापलंच, वर स्वतःच्या मनाने मध्ये एक जहाज टाकलं. छापखानेवाला कुठल्याही खंडातला असो, गिऱ्हाइकाच्या मजकुरावर तो समाधानी नसतो. पोस्टमास्तरला हे काम मुळीच आवडलं नाही. असलं तिकीट कोणीही घरी छापेल, या भीतीने त्याने कारकुनांना हुकूम काढला की प्रत्येक तिकिटावर सही करा. म्हणून या तिकिटावर एका कारकुनाची आद्याक्षरं शाईने काढलेली आहेत. थोडक्यात, आजोबांचं बॉलपेन.

पुढे ऐका. तिकिटाचे चारी कोपरे कापलेले आहेत. मामेभाऊ! आणि १८७३ मध्ये ते सापडलं ते बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला, घरातल्या जुन्या कागदांत. व्हर्नन वॉन त्याचं नाव. त्याने तेव्हाच्या मुलांचा शिरस्ता पाळला : पाण्यात घालून तिकीट सोडवलं आणि अल्बमात लावलं. भात लावला की काय याची नोंद मिळत नाही, पण गयानात भात पिकतो. हे तिकीट त्याला दिसायला इतकं वाईट वाटलं, की चांगली चित्रांची तिकिटं घेण्यासाठी त्याने ते गावातल्या एका संग्राहकाला सहा शिलिंगांना विकून टाकलं. फुजैरा तेव्हा तिकिटं काढत नव्हतं, नाहीतर त्याने तेच घेतलं असतं.

म्हणजे कापलेलं, सही ठोकलेलं, धुतलेलं, दिसायला मळकट किरमिजी कागदाचं चिटोरं. जिन्याखालच्या गृहस्थांसमोर नेलं असतं तर पुठ्ठ्याची चौकशी झाली असती. हेच चिटोरं १७ जून २०१४ ला न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये लिलावाला आलं. लिलाव दोन मिनिटांत आटोपला. हातोडा ७९ लाख डॉलरांवर पडला आणि बिल झालं ९४ लाख ८० हजारांचं, कारण हातोड्याच्या वर लिलाववाल्यांचा हिस्सा असतो. भाजी घेताना दोन रुपयांची कोथिंबीर फुकट मागणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रकार पटायचा नाही. वस्तू ७९ लाखांची, ती घेतल्याबद्दल दंड पंधरा लाख ऐंशी हजार! तोसुद्धा ज्याने घेतली त्यालाच.

या तिकिटाच्या मालकांची हकिगत तर तिकिटापेक्षा सुरस आहे. पॅरिसचे श्रीमंत फिलिप फेरारी यांनी ते घेतलं, आणि मरताना सगळा संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला ठेवला. मधे पहिलं महायुद्ध झालेलं. फ्रान्सने संग्रह जप्त केला आणि लिलाव लावला. १९२२ मध्ये आर्थर हाइंड नावाच्या अमेरिकन गिरणीमालकाने ते उचललं. या हाइंडबद्दल अशी दंतकथा आहे की पुढे दुसरं असंच एक तिकीट घेऊन कोणी त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने तेही मोठ्या किमतीला विकत घेतलं आणि त्या माणसादेखत सिगारच्या काडीने जाळलं. "आता एकच," म्हणाला. गोष्ट खरी असो नसो, तिकिटं जमवणाऱ्यांना ती खरी वाटते यात सगळं आलं. मला तर ती पहिल्या वाचनातच पटली. आमच्या आळीतही फेरारीवाला एकच मुलगा होता आणि दुसऱ्याकडे ती आल्यावर तो आठवडाभर जेवला नव्हता.

मग एक मालक ते तिकीट बॅगेत घालून, बॅग मनगटाला बेडीने अडकवून प्रदर्शनांतून फिरायचा. त्यानंतर १९८० मध्ये ड्यू पाँट घराण्यातल्या एकाने ९ लाख ३५ हजार डॉलरांना घेतलं. तो पुढे खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि २०१० मध्ये तिथेच वारला. तिकीट तेवढा काळ तिजोरीत. २०१४ मधला ग्राहक होता बुटांचे नमुने काढून नाव कमावलेला स्टुअर्ट वाइट्झमन. लहानपणी त्याच्या अल्बमात या तिकिटाची जागा रिकामी राहिली होती, ती भरायची होती म्हणे. लहानपणी माझ्याही अल्बमात पुष्कळ जागा रिकाम्या होत्या. तिथे आजोबांनी राजधान्या लिहिल्या.

या तिकिटाच्या मागच्या बाजूला मालकांनी आपापली खूण करायची प्रथा आहे. वाइट्झमनने काय काढावं? उंच टाचेचा बूट! पाठीवर एवढी चित्रकला झालेलं तिकीट आपल्याकडे कोणी रद्दीतही घेणार नाही. तेच २०२१ च्या जूनमध्ये पुन्हा लिलावात आलं आणि ८३ लाख डॉलरांना गेलं. म्हणजे बूटवाल्याला दहा लाखांच्या वर खोट बसली. घेतलं लंडनच्या स्टॅनली गिबन्स या तिकिटांच्या जुन्या पेढीने, आणि त्यांनी काय करावं, तर त्या तिकिटाचे हिस्से पाडून शंभर-शंभर पौंडांना लोकांना विकायला काढले. कोकणात सामाईक हापूसच्या कलमाला जितके हिस्सेदार असतात, तितके आता इंचभर तिकिटाला झाले. फरक इतकाच की कलमाचा एखादा आंबा निदान कुरियरने मुंबईला येतो. इथे हिस्सेदाराच्या वाट्याला नुसता 'माझाही आहे' हा आनंद.

एवढं वाचून मी ज्ञानी झालो आणि इमारतीत तशी ख्याती पसरली. त्याचा परिणाम म्हणून एका रविवारी वरच्या मजल्यावरचे काका एक पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात आणि तो रुमाल लेंग्याच्या खिशात घालून आले. दार लावून घ्या म्हणाले. लावलं.

"इन्व्हर्टेड आहे," ते कुजबुजले.

पाकिटात त्यांच्या पुतण्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका होती आणि वर पाच रुपयांचं तिकीट डोकं खाली पाय वर असं लावलेलं होतं.

"काका, हे चिकटवणाऱ्याने उलटं चिकटवलंय."

"उलटं आहे ना पण?"

"छापताना उलटं व्हायला पाहिजे. बाकी तिकीट सरळ आणि मधलं चित्र तेवढं उलटं."

"चूक ती चूक. कोणी केली याला काय महत्त्व?"

"आहे ना. सरकारने केली तर पैसे मिळतात. आपण केली तर नाही मिळत."

काका बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "माझं आडनाव वीजबिलावर कैक वर्षं चुकीचं येतंय. ती बिलं ठेवू का?"

त्यांना मी अमेरिकेतल्या जेनी नावाच्या विमानाच्या तिकिटाची गोष्ट सांगितली. १९१८ च्या मे महिन्यात अमेरिकेने विमानटपालासाठी चोवीस सेंटांचं तिकीट काढलं. लाल चौकट, मध्ये निळं विमान. दोन रंग म्हणजे कागद यंत्रातून दोनदा जायचा, आणि एक ताव दुसऱ्या फेरीत उलटा गेला. विल्यम रोबी नावाचा माणूस वॉशिंग्टनच्या पोस्टात गेला, चोवीस डॉलर टाकून शंभर तिकिटांचा ताव घेतला, तर त्यातली शंभरच्या शंभर विमानं उताणी. खिडकीतल्या कारकुनाने आयुष्यात विमान पाहिलेलं नव्हतं म्हणून त्याला काही गैर वाटलं नाही, असं सांगतात. रोबीने आठवड्याच्या आत तो ताव पंधरा हजार डॉलरांना विकून टाकला. त्यातलं एकच तिकीट २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वीस लाख डॉलरांना गेलं. रंग उत्तम राहिला होता, कारण ते वर्षानुवर्षं अंधाऱ्या तिजोरीतच पडून होतं. पाहिलं नाही म्हणून टिकलं, टिकलं म्हणून भाव, आणि एवढा भाव देऊन घेतल्यावर ते उजेडात कोण काढणार?

"आपल्याकडे असं काही?" काकांनी विचारलं. त्यांचा देशाभिमान जागा झाला होता.

आपल्याकडे त्याच्याही चौसष्ट वर्षं आधी झालं आहे. १८५४ मध्ये कलकत्त्याला चार आण्यांचं तिकीट छापलं. लाल चौकट, मध्ये व्हिक्टोरिया राणीचं निळं डोकं. त्यातही ताव फिरला आणि राणी शीर्षासनात छापली गेली. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्या काळात राणीचं डोकं उलटं विकलं गेलं, लोकांनी ते पत्रांना लावलं, पत्रं पोचली, आणि कित्येक वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही. आज त्या तिकिटाच्या तिसाच्या आतबाहेर प्रती उरल्या आहेत. आणि त्यांतल्या बऱ्याच कोणीतरी कात्रीने अष्टकोनी कापलेल्या आहेत. आमचा मामेभाऊ एकटा नव्हता, हे वाचून त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग माझ्या कापण्याचे काही मिळतील का?"

त्याच्या आधीची गंमत सिंधची. बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, ते सिंधचे कमिशनर असताना १८५२ मध्ये त्यांनी आशियातलं पहिलं तिकीट काढलं, सिंध डाक. किंमत अर्धा आणा. त्यातलं लाल तिकीट म्हणजे पाकिटं बंद करायच्या लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेलं चिन्ह. ते फुटायचं. पत्राला लावा, थैलीत टाका, उंटावर घाला, मुक्कामी पोचेपर्यंत तिकिटाचा भुगा. टपाल खात्याच्या दृष्टीने निकामी वस्तू, म्हणून लिलावात तिला आज मान. टिकाऊ निघालं असतं तर कोण विचारत होतं? १८४० चं पेनी ब्लॅक जगातलं पहिलंवहिलं तिकीट आहे, पण ते सहा कोटी ऐंशी लाखांच्या वर छापलं गेलं. त्यामुळे जाणकार त्याच्याकडे सज्जन नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहतात. आदर आहे, चढाओढ नाही. आपल्याकडेही तसंच. धोंडो केशव कर्व्यांच्या जन्मशताब्दीला, १८ एप्रिल १९५८ ला, त्यांचं तिकीट निघालं. हयात माणसाचं स्वतंत्र भारतातलं हे पहिलंच. एवढा मान असूनही ते सहज मिळतं. कर्व्यांचं डोकं सरळ छापलं गेलं, त्याला कोण काय करणार?

काका आणि मी एकदा प्रत्यक्ष लिलावही पाहून आलो. एका हॉटेलच्या खालच्या दालनात होता. सिनेमात दाखवतात तशी झुंबरं वगैरे नव्हती; समोसे होते, आणि समोसा खाल्ल्यावर हात पुसल्याशिवाय कोणालाही यादीला हात लावू देत नव्हते. बोलीसाठी प्रत्येकाला नंबराची पाटी. काकांनी ती मिळाल्यापासून दोन्ही गुडघ्यांत दाबून धरली होती, वारा लागून वर जाऊ नये म्हणून.

पुढच्या रांगेतल्या दोन वृद्धांची एका जुन्या पाकिटावरून जुंपली. पाकिटावर कुठल्याशा लहान गावच्या पोस्टाचा शिक्का होता आणि तो तिथला लवकरचा, स्पष्ट उमटलेला होता, एवढंच त्याचं मोठेपण. एकाने पाटी उचलली की दुसरा उचले. दोघांच्या बायका नव्हत्या, म्हणजे सोबत आणलेल्या नव्हत्या, हे भाव चढला तेव्हा कळलं. शेवटी जिंकले त्यांना मी चहाच्या वेळी गाठलं.

"आतलं पत्र काय आहे हो?"

"पत्र? मोडीत आहे."

"काय लिहिलंय त्यात?"

"कोणाला माहीत! शिक्का बघा तुम्ही, शिक्का!"

कोणा बिचाऱ्याने दिवा लावून, बोरू घासून, जिवाची व्यथा लिहिली असेल. उधारी मागितली असेल, मुलगी झाल्याचं कळवलं असेल. दीडशे वर्षांनी त्या पाकिटाला घराएवढं मोल आलं, पण पत्र वाचायची गरज कोणाला पडली नाही. पोचवलं ते पोस्टाने, वाखाणलं तेही पोस्टालाच.

हे वेड शहाण्यांना कळत नाही, असं मात्र नाही. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज युवराज होता तेव्हा त्याने १९०४ मध्ये मॉरिशसचं दोन पेन्सचं निळं तिकीट १४५० पौंडांना घेतलं. त्याची एक गोष्ट सांगतात. दरबारातल्या कोणीतरी त्याला विचारलं, "युवराज, एका मूर्खाने एका तिकिटाला १४५० पौंड मोजल्याचं वाचलंत का?" त्यावर जॉर्ज म्हणाला, "तो मूर्ख मीच." आमच्या ओळखीच्या संग्राहकांत एवढा प्रांजळपणा मला आढळलेला नाही. ते विचारलं तर "जुनंच होतं घरात" म्हणतात.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. घरात जुनी पत्रं सापडली तर तिकिटं सोडवायच्या भानगडीत पडू नका. पाकीट, शिक्का, पत्ता, सगळं आहे तसं कोरड्या जागी ठेवा; पुष्कळदा किंमत असते ती अख्ख्या पाकिटाची. हाताळायचं तर चिमट्याने हाताळा. घरातल्या टापटिपीच्या माणसापासून कात्री लपवा आणि भूगोलाची आवड असलेल्यापासून पेन. दहा रुपयांचे गांधीजी कोणी स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका, त्यांच्या खोट्या प्रती बाजारात पुष्कळ आहेत. आणि तुमच्या माळ्यावर 'सर्व्हिस' छापलेले खरे गांधीजी निघालेच, तर जाणकाराकडून प्रमाणपत्र घेईपर्यंत त्यांना हात लावू नका. भात तर मुळीच लावू नका, आंबेमोहर असला तरी.